हरल्यांचं जग बुडालं का?



फसलेला माणूस आपली फसगत चारचौघांत सांगत नाही. बाजारातून खोडीचा बैल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला वेशीवर कोणी विचारलेच, तर तो बैलाच्या शिंगांची तारीफ करून पुढे सरकतो. मी मात्र माझी फसगत या वार्षिकांकात छापायला देत आहे. मला फसवले ते एका पुस्तकाने, आणि तेही चित्रांच्या पुस्तकाने. ते फसवत आहे हे कळायला मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत वाचनाविषयी मी जेवढे शिकलो, तेवढे आधीच्या वर्षभरात शिकलो नव्हतो.

माझ्या आधी आमच्या घरातून कॉलेजची पायरी कोणी चढलेले नाही. वडील सातवी, आई चौथी, आजी अंगठाबहाद्दर. क्रमिक पुस्तके सोडली तर इंग्रजी पुस्तक आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नव्हते. वसतिगृहातला माझा रूम पार्टनर मात्र शहरातला. त्याने इंग्रजी सिनेमे पाहिलेले, सगळे महानायक त्याला नावानिशी ठाऊक. पहिल्या वर्षाच्या जूनपासून तो मला एका पुस्तकाबद्दल सांगत असे. "सुपरमॅन विरुद्ध हल्क, बॅटमन विरुद्ध कॅप्टन अमेरिका, सगळे एकाच पुस्तकात! आणि हरणाऱ्याचे अख्खे विश्व नष्ट होणार!" रात्री दिवे गेले की हे वर्णन आणखी रंगत असे. ते पुस्तक त्याने स्वतः वाचलेलेच नव्हते, हे मला फार उशिरा कळले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना मी पुण्यात उतरलो. तिथे किलोच्या भावाने इंग्रजी पुस्तके विकणारे एक प्रदर्शन लागले होते. ढिगात हात घातला आणि नेमके तेच पुस्तक हाती आले. कोपरे मुडपलेले, पाठीला चिकटपट्टी लावलेली, पण तेच. 'कमवा व शिका' योजनेत मी ग्रंथालयात पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम करतो. त्यातल्या दोन दिवसांच्या कमाईवर पाणी सोडून ते घेतले आणि शब्दकोश उशाशी ठेवून गावाकडे वाचायला बसलो.

आता, ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगणे भाग आहे.

अमेरिकेत महानायकांच्या चित्रकथा छापणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या आहेत, डीसी आणि मार्व्हल. सुपरमॅन (१९३८), बॅटमन (१९३९) आणि वंडर वुमन (१९४१) ही मंडळी डीसीची. कॅप्टन अमेरिका (१९४१), हल्क आणि स्पायडरमॅन (दोघेही १९६२) ही मार्व्हलची. एका कंपनीचे सगळे नायक एकाच विश्वात राहतात, एकमेकांकडे ये-जा करतात, भांडतात, समेट करतात. पण दोन कंपन्यांच्या मध्ये भिंत आहे. बॅटमनच्या गॉथम शहरात स्पायडरमॅन कधी दिसत नाही, कारण त्याचा मालक वेगळा. ही भिंत ओलांडून दोन्हीकडचे नायक एका कथेत आणले की त्या कथेला क्रॉसओव्हर म्हणतात. एकाच कंपनीच्या निरनिराळ्या मालिकांतील नायकांना एका कथेत गुंफले तरी तोच शब्द वापरतात. इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या आमच्या प्राध्यापकांना कळेल असे सांगायचे, तर वेताळाच्या कवटीच्या गुहेत मॅन्ड्रेक जादूगार पाहुणा म्हणून यावा, तसा हा प्रकार.

या दोन कंपन्यांच्या महानायकांची पहिली मोठी भेट १९७६ मध्ये झाली. सुपरमॅन आणि स्पायडरमॅन एका मोठ्या आकाराच्या अंकात समोरासमोर आले. इथे एक अडचण होती. सुपरमॅन डोंगर उचलणारा, स्पायडरमॅन फार तर मोटार उचलणारा. दोघांची झुंज व्हायची कशी? लेखकाने तोड काढली. लेक्स लूथर हा खलनायक स्पायडरमॅनवर लाल सूर्याच्या किरणांचा गुपचूप मारा करतो आणि त्या बळावर स्पायडरमॅनचा ठोसा सुपरमॅनला लागतो. किरणांचा असर उतरला की तोच ठोसा मारताना स्पायडरमॅनचाच हात दुखावतो. मग दोघांना आपण उगीच भांडतो आहोत हे समजते आणि ते एकत्र येऊन खऱ्या शत्रूंकडे वळतात. कथा तशी साधीच आहे. पण लेखकाला वाचकाची शंका आधीच ऐकू आली होती आणि त्याने तिचे उत्तर देऊन ठेवले होते. हे लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

माझ्या हाती आलेले पुस्तक म्हणजे १९९६ मध्ये चार अंकांत निघालेल्या डीसी विरुद्ध मार्व्हल या मालिकेचा संग्रह. लेखक रॉन मार्झ आणि पीटर डेव्हिड, चित्रकार डॅन जर्गेन्स आणि क्लॉडिओ कास्टेलिनी. पहिला व चौथा अंक डीसीने काढला, दुसरा व तिसरा मार्व्हलने. ज्याने अंक काढला त्याचे नाव मुखपृष्ठावर आधी. लग्नपत्रिकेत कोणाचे नाव वर यावरून आपल्याकडे रुसवेफुगवे होतात. तिथे दोन-दोन अंकांच्या वाटणीने ते मिटवले होते.

कथा अशी. दोन विश्वे म्हणजे दोन प्रचंड भाऊ आहेत. एकमेकांचा विसर पडलेले हे भाऊ जागे होतात आणि भांडू लागतात. ठरते असे की दोन्हीकडच्या नायकांच्या अकरा जोड्या लावायच्या. ज्या विश्वाचे नायक जास्त लढती हरतील ते विश्व नाहीसे होईल, आतल्या सगळ्या माणसांसकट. अकरापैकी सहा लढतींचा निकाल लेखकांनी ठरवला आणि पाच मोठ्या लढतींचा निकाल वाचकांच्या मतांनी ठरला. कंपन्यांनी तशी मते मागवली होती आणि हेच या मालिकेचे सगळ्यात मोठे आकर्षण होते.

निकाल असे लागले. लेखकांच्या सहा लढतींत थॉरने कॅप्टन मार्व्हलला, सिल्व्हर सर्फरने ग्रीन लँटर्नला आणि इलेक्ट्राने कॅटवुमनला हरवले. डीसीकडून अ‍ॅक्वामॅनने नेमोरला, फ्लॅशने क्विकसिल्व्हरला आणि रॉबिनने ज्युबिलीला हरवले. तीन-तीन, बरोबरी. मतांच्या पाच लढतींत सुपरमॅनने हल्कला आणि बॅटमनने कॅप्टन अमेरिकेला हरवले. पण स्पायडरमॅनने सुपरबॉयला, वूल्व्हरीनने लोबोला आणि स्टॉर्मने वंडर वुमनला चीत केले. बेरीज केली तर मार्व्हल सहा, डीसी पाच. म्हणजे ठरल्याप्रमाणे सुपरमॅन, बॅटमन आणि त्यांचे अख्खे जग संपायला हवे.

ते संपत नाही. दोन्ही जगांचे रखवालदार, डीसीकडचा स्पेक्टर आणि मार्व्हलकडचा लिव्हिंग ट्रिब्युनल, मध्ये पडतात आणि दोन्ही विश्वे कालवून एकच जग तयार करतात. मग दोन्ही जगांत ये-जा करू शकणारा अ‍ॅक्सेस नावाचा एक तरुण ती पुन्हा वेगळी करतो. भावांचे भांडण मिटते. सगळे नायक आपापल्या घरी. मतांचे काय झाले, लढतींचे काय झाले, कोणी विचारत नाही.

मी ओसरीवर बसून वाचत असे आणि आजी शेजारी शेंगा फोडत असे. तिला वाचता येत नाही, पण चित्रे दिसत होती. कोण कोणाशी भांडतो आहे हे ती विचारी आणि मी सांगत जाई. "हरंल त्याचं जग बुडणार" हे ऐकल्यापासून तिने त्या पुस्तकात लक्ष घातले होते. श्रावणात 'पांडवप्रताप' ऐकताना बसते तशी ती बसू लागली. शेवटचे पान उलटले तेव्हा तिने विचारले, "मग हरल्यांचं जग बुडालं का रं?" म्हटले, नाही. "आन् जिंकल्यांना काय मिळालं?" म्हटले, काही नाही. आजी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग पानं चुकली असतील. नीट बघ."

गंमत अशी की मलाही तेच वाटत होते.

तिसऱ्या अंकात वूल्व्हरीन आणि लोबो यांची लढत आहे. लोबो म्हणजे सुपरमॅनशी टक्कर घेणारा परग्रहावरचा दांडगा. वूल्व्हरीनच्या जखमा आपोआप भरतात आणि त्याच्या मुठीतून नखे निघतात, हे खरे. पण दोघांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक. तेव्हा वूल्व्हरीन जिंकला कसा, हे पाहायला मी अधीर झालो होतो. दोघे दारूच्या गुत्त्यात भिडतात, भिडता भिडता गल्ल्यामागे पडतात, आणि मग गल्ल्यामागून वूल्व्हरीन एकटा उठतो. झाले! मधली झुंज चित्रात नाहीच. मी ते पान पुढे-मागे दहादा उलटले. पुस्तक जुने होते, तेव्हा पान फाटले असेल म्हणून शिवण तपासली. पृष्ठे मोजली. एकही गेले नव्हते. मग ठरवले की आपलेच इंग्रजी कच्चे. कुठल्या तरी संवादात कारण दिले असणार आणि ते आपल्याला उमगलेले नाही. शब्दकोश घेऊन त्या प्रसंगातला शब्दन् शब्द काढला. कारण सापडले नाही.

स्पायडरमॅनच्या बाबतीतही असेच. अंगरखा त्याचा, पण आतला माणूस पीटर पार्कर नाहीच. त्या सुमारास मार्व्हलच्या मुख्य मालिकेत पीटरच्या जागी त्याचाच प्रतिरूप असलेला बेन रायली स्पायडरमॅन झाला होता. ती मालिका वाचणाऱ्यांना हे ठाऊक होते. मला कुठून असणार? मला वाटले, इंग्रजीत पीटरचे दुसरे नाव बेन असेल. अशा दहा ठिकाणी अडलो आणि दहाही वेळा दोष स्वतःच्या पदरात घेतला. घरात पहिल्यांदाच कोणी शिकत असले की ही सवय लागते. वर्गात काही कळले नाही की आपण हात वर करत नाही. समजायचे ते सगळ्यांना समजले आहे आणि आपणच मागे आहोत, असे गृहीत धरतो.

सुट्टी संपल्यावर मी भीतभीत ते पुस्तक इंग्रजीच्या सरांकडे नेले. सरांनी हसून ठेवून घेतले आणि दोन दिवसांनी परत केले. म्हणाले, "तुझे इंग्रजी कच्चे नाही. गोष्टच कच्ची आहे. तुला जिथे जिथे अडल्यासारखे वाटले, तिथे तिथे खरोखरच खड्डा आहे." मग त्यांनी सांगितले की वाचताना अडलेल्या या सगळ्या जागा एका वहीत लिहून काढ आणि प्रत्येकीपुढे लिही की कथेने आधी काय कबूल केले होते. मी लिहिले. प्रस्तुत लेख त्या वहीतूनच तयार झाला आहे.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. महानायकांच्या कथेतील दोष दाखवू गेले की लोक म्हणतात, "अरे, माणूस आकाशात उडतो ते चालते, आणि हे चालत नाही?" चालत नाही. माणूस उडतो ही कथेची पहिली अट आहे, ती आपण आत शिरताना मान्य केलेली असते. अ‍ॅरिस्टॉटलने काव्यशास्त्रात म्हटल्याचे आम्हाला शिकवले आहे की अशक्य असूनही पटणारी गोष्ट, शक्य असूनही न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा कवीने पत्करावी. अशक्य असणे हा कथेचा दोष नव्हे. स्वतः घातलेली अट स्वतःच मोडणे हा दोष. कथानकातील भगदाड म्हणतात ते हेच.

या कसोटीवर वंडर वुमनची लढत पाहा. कॅप्टन मार्व्हलशी झालेल्या लढतीत थॉरचा हातोडा त्याच्या हातून दूर जाऊन पडतो. तो हातोडा लायक माणसालाच उचलता येतो. वंडर वुमन तो उचलते आणि तिला थॉरचे सामर्थ्य मिळते. पण स्टॉर्म समोर येताच ती हातोडा बाजूला ठेवते, कारण सामना न्याय्य व्हायला हवा. आणि हरते. कल्पना उदात्त आहे. पण तिच्या हरण्यावर तिच्या जगातल्या कोट्यवधी माणसांचा जीव टांगलेला आहे, हे या कथेनेच सांगितले होते ना? स्वतःच्या न्यायबुद्धीसाठी इतरांचे प्राण पणाला लावायचा तिला अधिकार आहे का? हा प्रश्न तिला पडत नाही, तिच्या मित्रांना पडत नाही, लेखकांनाही पडत नाही.

महाभारतात कर्ण कवचकुंडले काढून देतो. तेही दातृत्वच. पण कथा ते विसरत नाही. कर्ण दान देतो तेव्हा त्याला किंमत ठाऊक असते, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि कुरुक्षेत्रावर ती किंमत पुरेपूर वसूल होते. म्हणून आमच्या आजीला कर्णाचा प्रसंग पाठ आहे. वंडर वुमनचा हातोडा मात्र तिला दुसऱ्या दिवशी आठवला नाही.

रॉबिन आणि ज्युबिलीची गोष्ट तर याहून वाईट वाटण्याजोगी. दोघे कोवळ्या वयाचे, आणि लढतीच्या आधी दोघांचे मन एकमेकांवर बसते. रॉबिन जिंकतो. याचा अर्थ तिचे जग मरणाच्या एक पाऊल जवळ गेले, आणि ते त्याच्या हाताने. एवढी जबरदस्त कल्पना हाती आली होती! तिच्यावर एक अख्खा अंक उभा राहिला असता. पण कथा तिला हात लावते न लावते तोच पुढच्या जोडीकडे धावते. अकरा लढती आणि अंक चार. थांबायला सवड कुठे होती?

बॅटमन आणि कॅप्टन अमेरिका यांची लढत गटारांच्या भुयारात होते. दोघे बराच वेळ एकमेकांना तोलतात. कोणीच वरचढ ठरत नाही. एवढ्यात पाण्याचा लोंढा येतो, कॅप्टन अमेरिका त्यात सापडतो आणि बॅटमन जिंकतो. पुढे बॅटमनच त्याला बुडण्यापासून वाचवतो, हे चांगले. पण लढत जिंकली कोणी? बॅटमनने की गटाराच्या पाण्याने? अ‍ॅक्वामॅनने नेमोरवर देवमासा आणून आदळला, त्यात निदान त्याची स्वतःची विद्या होती. समुद्रातले जीव त्याचे ऐकतात. इथे निव्वळ योगायोग.

हे असे का झाले असावे? माझ्या मते कारणे दोन आहेत, आणि दोन्ही कथेच्या बाहेरची.

पहिले कारण मतदान. आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्या होतात. दोन मल्लांनी आधीच संगनमत करून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात. गावातले शेंबडे पोरही ती ओळखते, कारण निकाल आधी ठरलेला असला की डाव खोटे पडतात. मतदानाने नेमके हेच केले. कोण जिंकणार ते मतांनी ठरले. कसे जिंकणार ते मागाहून लेखकांनी जुळवायचे. सुपरमॅन-हल्कसारख्या ठिकाणी ते जुळले. वूल्व्हरीन-लोबोच्या ठिकाणी जुळवता येईना, म्हणून झुंजच गल्ल्यामागे नेली. वूल्व्हरीन आणि स्टॉर्म ही दोघे एक्स-मेन गटातली, आणि त्या काळी एक्स-मेन अफाट लोकप्रिय होते. लोकप्रियता आणि ताकद या भिन्न गोष्टी आहेत, पण मतपेटीला तो भेद कळत नाही. मतदान वाईट, असे मी म्हणत नाही. गणेशोत्सवातल्या देखाव्याचा क्रमांक मतांनी काढावा. कथेचा शेवट मात्र आधी काय घडले त्यातून निघावा लागतो.

दुसरे कारण बाजार. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत चित्रकथांचा धंदा भयंकर फुगला होता. १९९१ मध्ये एक्स-मेन मालिकेचा पहिला अंक निरनिराळ्या पाच मुखपृष्ठांनिशी निघाला आणि त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती दुकानांत गेल्या. एकेका माणसाने पाच-पाच प्रती घेतल्या. वाचायला नव्हे, पुढे भाव येईल म्हणून. ज्याच्या इतक्या प्रती निघाल्या त्याला भाव कुठून येणार? फुगा फुटला आणि दुकाने बंद पडू लागली. १९९६ च्या डिसेंबरात तर खुद्द मार्व्हलने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. डीसी विरुद्ध मार्व्हल ही मालिका या उतरत्या काळातली. गिऱ्हाइकाला दुकानात परत आणण्यासाठी आरोळी मोठी द्यायला हवी होती, आणि "एक विश्व नष्ट होणार" यापेक्षा मोठी आरोळी कोणती? पण पुढच्या महिन्यात दोन्ही कंपन्यांना आपापले अंक पूर्ववत विकायचे होते. सुपरमॅन नाहीसा करून डीसीने विकायचे काय? तेव्हा पहिल्या पानावर दिलेला शब्द पाळता येणार नाही, हे दोघींना पहिल्यापासून ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते वाचकाला.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोन्ही जगे कालवली जातात त्या वेळी कंपन्यांनी बारा स्वतंत्र अंक काढले. त्यांत बॅटमन आणि वूल्व्हरीन मिळून डार्क क्लॉ होतो, सुपरमॅन आणि कॅप्टन अमेरिका मिळून सुपर सोल्जर. हे अंक जणू कित्येक वर्षे चालू असलेल्या मालिकांतले आहेत अशा थाटात लिहिले गेले. त्या कल्पनेत खरी मौज आहे. कोणी हरायचे नाही, कोणी जिंकायचे नाही असे एकदा ठरल्यावर मंडळी मोकळेपणी खेळली.

आणि अशा प्रकारची चांगली कथा होऊच शकत नाही, असेही नाही. २००३-०४ मध्ये याच दोन कंपन्यांनी जेएलए/अ‍ॅव्हेंजर्स ही चार अंकांची मालिका काढली. लेखक कर्ट ब्युसिक, चित्रकार जॉर्ज पेरेझ. अशीच एक कथा १९८३ मध्ये निघायची ठरून पेरेझने काही पाने काढलीही होती, पण कंपन्यांच्या वादात ती बारगळली. वीस वर्षांनी तीच जोडी पेरेझच्या हातून जुळून आली. ही मालिका मी ग्रंथालयाच्या संगणकावर वाचली. तिच्यातही बॅटमन आणि कॅप्टन अमेरिका समोरासमोर येतात. चार हात होतात, आणि दोघांनाही उमगते की आपण तुल्यबळ आहोत, हे भांडण व्यर्थ आहे आणि आपल्याला कोणीतरी लढवतो आहे. दोघे झुंज थांबवतात आणि त्या कोणाचा तरी शोध घ्यायला निघतात. माणसे तीच. १९९६ मध्ये त्यांना वेगळे करायला पाण्याचा लोंढा लागला. २००३ मध्ये त्यांची बुद्धी पुरली.

त्या मालिकेच्या उत्तरार्धात नायकांपुढे खरा पेच येतो. जगे पूर्वीसारखी करायची, तर पूर्वीची दुःखेही परत येणार. कोणाचा मृत्यू ठरलेला, कोणाचा संसार मोडलेला. ते सारे त्यांना आधी दाखवले जाते आणि ते पाहूनही ते आपले खरे जगच परत मागतात. तिथेही शेवटी सगळे आपापल्या घरी जातात. डीसी आणि मार्व्हल दोन्ही शाबूत राहतात. बाजाराची अट तीच होती. पण वाचक रिकाम्या हाताने परत येत नाही, कारण जगे वाचवण्याची किंमत कोणीतरी डोळे उघडे ठेवून मोजली आहे. म्हणजे बाजाराकडे बोट दाखवून १९९६ च्या लेखकांना पुरते सुटता येणार नाही.

२०२४ मध्ये या जुन्या संयुक्त कथांचे जाडजूड संग्रह पुन्हा निघाले आणि २०२५ मध्ये बॅटमन व डेडपूल यांना एकत्र आणणारे नवे अंक दोन्ही कंपन्यांनी काढले. म्हणजे भिंत पुन्हा एकदा ओलांडली गेली आहे. जाहिराती होतील, पैजा लागतील, आमच्या वसतिगृहात दिवे गेल्यावर वर्णने रंगतील. रंगू द्यावीत. मी एवढेच विचारीन की कथेने पहिल्या पानावर काय कबूल केले होते, आणि शेवटच्या पानावर ते फेडले का?

दिवाळीनंतर मी पुन्हा गावी गेलो तेव्हा आजीला सांगितले की पाने चुकलेली नव्हती, ज्यांनी गोष्ट रचली तेच चुकले. तिला ते लगेच पटले नाही. छापलेले चुकीचे असू शकते ही गोष्ट आमच्या घराला नवीन आहे. थोड्या वेळाने म्हणाली, "मग तू त्यांना लिहून का कळवत नाहीस?" त्यांना कळवून आता उपयोग नाही, मालिकेला किती वर्षे झाली. म्हणून तुम्हाला कळवत आहे.

पुस्तक मी विकलेले नाही. रूम पार्टनरला वाचायला दिले, कारण त्याने ते आता तरी वाचावे अशी माझी इच्छा होती. तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी रात्री त्याने पुस्तक उघडून माझ्यापुढे धरले आणि विचारले, "यार, यातले एक पान गेले आहे का?"

(द्वितीय वर्ष, कला शाखा)